बदाम होता माझ्याकडे

जानेवारीत आम्ही घरचे अकरा जण पवना धरणाच्या काठावर तंबूत एक रात्र राहिलो. मोबाइलची रेंज नावापुरती होती, त्यामुळे दुपारपासून खेळच चालले होते. उजेड होता तोवर डबा ऐसपैस खेळलो. माझी सहा वर्षांची भाची कच्चा लिंबू. तिने पळायचं, लपायचं, पण ती सापडली तरी तिच्यावर राज्य येणार नाही. पहिले दोन डाव ती खूश होती. तिसऱ्या डावात सगळ्यांत आधी तीच सापडली आणि तरीही राज्य तिच्या मामेभावावर गेलं, तेव्हा ती हिरमुसून म्हणाली, "मग मी लपते कशाला?"

आम्ही हसलो. रात्री मात्र तोच प्रश्न दुसऱ्या बाजूने आला.

शेकोटी विझत आल्यावर आम्ही मेंढीकोटचा डाव मांडला. अण्णा, म्हणजे माझे थोरले काका, माझे भिडू. समोर ताई आणि भावजी. अण्णा ७४ वर्षांचे आहेत. मला पत्ते त्यांनीच शिकवले. कोणती पानं उतरली, कोणाकडे काय उरलं असेल, हे ते डोळे मिटून सांगत. त्या रात्री बदामाच्या हातावर त्यांनी हुकूम टाकला आणि दश्शीसकट हात उचलला. दोन हात झाल्यावर त्यांनीच बदामाची राणी उतरली. म्हणजे मघाशी त्यांच्याकडे बदाम होता. आम्हा तिघांनाही ते कळलं. ताईने भावजींकडे पाहिलं, भावजींनी पानांत डोकं घातलं, मी गप्प बसलो. डाव आम्ही जिंकलो. फायदा माझाही होता, हे इथे सांगायला हवं.

झोपायच्या आधी अण्णा मला म्हणाले, "बदाम होता माझ्याकडे. नंतर लक्षात आलं. तुम्ही कोणीच बोलला नाहीत." थोडं थांबून म्हणाले, "पूर्वी तुझ्या आत्याने पानं भिरकावली असती."

आमच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. सहलीतला खेळ, पैसे लावलेले नव्हते. वय झालेल्या माणसाची चूक चारचौघांत दाखवून काय मिळणार? आपल्याकडे वडीलधाऱ्यांचं मन राखणं हा संस्कारच मानतात. हे सगळं मला पटतं. तरीही त्या वाक्यानंतर मला बराच वेळ झोप लागली नाही.

कॅनडात शिकवणाऱ्या बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ साली 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची व्याख्या केली. गरज नसलेले अडथळे आपण होऊन स्वीकारायचे आणि ते ओलांडायची धडपड करायची, म्हणजे खेळणं. गोल्फचा चेंडू हातात घेऊन चालत जाऊन खड्ड्यात टाकता येतो, पण तसं केलं तर गोल्फ उरत नाही. बदाम असताना बदाम टाकायचा, हा असाच एक बिनगरजेचा अडथळा. तो अण्णांपुरता आम्ही काढून टाकला. त्यांना वाटत होतं ते खेळतायत. प्रत्यक्षात ते एकटेच खेळत होते; आम्ही तिघं त्यांना सांभाळत होतो. लबाडी करणारा निदान जिंकण्यासाठी तरी खेळतो. आम्ही त्याच्याही खाली गेलो होतो.

मग कच्चा लिंबू करणंही चूक का? मला तसं वाटत नाही. कच्चा लिंबू खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांदेखत जाहीर होतो. त्या मुलालाही ते ठाऊक असतं. मुख्य म्हणजे ती बढतीच्या वाटेवरची पायरी असते. एक दिवस ते मूल "आता मी कच्चा लिंबू नाही" म्हणून भांडतं आणि त्याच्यावर राज्य येतं. म्हाताऱ्या माणसाला आपण न सांगता कच्चा लिंबू करतो. त्याचं मत घेत नाही, आणि त्या पायरीवरून वर यायची वाट ठेवत नाही. आज पत्त्यांत, उद्या घराच्या व्यवहारात. बँकेच्या कागदावर सही कुठे करायची एवढंच सांगायचं, कागद कसला हे नाही. दया तीच, फक्त खेळ मोठा.

असमान माणसांनी खरा खेळ खेळायचा तर सवलत उघड हवी. जपानमध्ये 'गो' खेळताना कमी ताकदीच्या खेळाडूला पटावर आधीच काही सोंगट्या ठेवायला देतात. त्यानंतर समोरचा जीव तोडून खेळतो. सवलत पटावर दिसते, म्हणून त्यात अपमान नसतो.

सकाळी भाचीवर राज्य दिलं. अट एवढीच की लपणाऱ्यांनी आमच्या चार तंबूंच्या पलीकडे जायचं नाही. तिचा डबा तीनदा उडाला. ती रडकुंडीला आली, पण राज्य सोडायला तयार नव्हती.

पत्त्यांसाठी अण्णांनीच नियम सुचवला. हात उचलेपर्यंत टाकलेलं पान बदलायची मुभा, सगळ्यांना. आणि चूक दिसली की कोणीही बोलायचं, न बोलणाऱ्याचा एक हात कमी. पुढे कधी या नियमानेही भागणार नाही, हे मला दिसतं. मग आम्ही नुसते सोबत बसू आणि त्याला खेळ म्हणणार नाही. पण ते ठरवायची घाई त्या रात्री आम्ही केली होती.

तिसऱ्या डावात अण्णांनी चौकटच्या हातावर पुन्हा हुकूम टाकला. ताई कितीतरी वेळ पत्त्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अण्णा, चौकट नक्की नाही?"

अण्णांनी पानं चाळली, हुकूम परत घेतला, चौकटची सत्ती टाकली. आमची दश्शी गेली. "बघत काय बसलायस," ते माझ्यावर खेकसले, "पान टाक."