पंधरा मीटर मागे

फुटबॉलमध्ये बास्केटबॉलसारखा टाइम-आउट नाही. शिट्टी वाजली की मध्यंतरापर्यंत प्रशिक्षकालाही खेळ थांबवून मुलांना जवळ बोलावता येत नाही. चेंडू पायाशी आला की पास द्यायचा, पळवायचा की मारायचा, हे त्या मुलाने त्या क्षणी स्वतः ठरवायचं. सगळा खेळ या ठरवण्यावर उभा आहे. म्हणून मैदानाच्या कडेला उभे राहून ‘पास दे’, ‘मार’, ‘मागे ये’ असं ओरडणाऱ्या आईबापांना नुसतं असभ्य म्हणून सोडून देणं मला पुरेसं वाटत नाही. मुलाने जे शिकायला मैदानात उतरावं, तेच ते त्याच्याकडून काढून घेत असतात. पंचाला शिव्या देणारे पालक थोडे असतात आणि ते लगेच ओळखू येतात. सूचना देणारे मात्र जवळजवळ सगळेच. त्यांत तुम्ही-आम्ही आलो.

त्यातून आपण पडलो क्रिकेटवर वाढलेले. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये सवड असते, षटक संपल्यावर त्याहून जास्त. सीमारेषेवरून कोणी ‘पाय पुढे काढ’ म्हणालं तर ते ऐकून, सोडून देऊन, पुन्हा गार्ड घेता येतं. तीच सवय आपण टर्फवर घेऊन आलो. पुण्यात, ठाण्यात, नवी मुंबईत तासाच्या भाड्यावर चालणाऱ्या कुठल्याही टर्फवर शनिवारी सकाळी जाऊन बघा. हिरव्या जाळीला बोटं अडकवून बाबा उभे. कोपरात हेल्मेट, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. ‘अरे, ओपन आहे तो! ओपन!’ आत सात-आठ वर्षांचा पोरगा चेंडू घेऊन चांगला चालला होता. हाक ऐकली आणि त्याने मान वळवली, ती ओपन असलेल्या मित्राकडे नाही, बाबांकडे. तेवढ्यात चेंडू गेला. ‘बघ, सांगत होतो ना!’ हे वर.

हेच दृश्य मी कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटच्या एका बागेत पाहिलं, मावसबहिणीच्या नातवाच्या सामन्याला गेले होते तेव्हा. तिकडे आठ वर्षांखालच्या मुलांचे सामने चार विरुद्ध चार असे होतात. गोलकीपर नसतो, आणि गोलांचा अधिकृत हिशेब कोणी ठेवत नाही. पालक तो आपापल्या फोनवर ठेवतात. घडीच्या खुर्च्या, मध्यंतरात वाटायच्या संत्र्याच्या फोडी, साडीवर जाकीट आणि पायात स्पोर्ट्स शूज घातलेल्या सहा महिन्यांसाठी आलेल्या आज्या. गंमत अशी, की पंचाला किंवा दुसऱ्या पालकांना खटकू नये म्हणून आपली मंडळी सूचना मराठीतून देत होती. ‘अरे, डावीकडे! लक्ष कुठंय?’ त्या अख्ख्या मैदानात ते कळणारं मूल एकच होतं. त्यामुळे ओरडा सगळा त्याच्या एकट्याच्या वाट्याला.

अमेरिकेत हा प्रश्न जुना आहे. ‘सॉकर मॉम’ हा शब्द तर १९९६च्या अध्यक्षीय निवडणुकीत मतदारांचा एक गट म्हणून गाजला. मुलांना मोटारीतून सरावाला पोचवणाऱ्या, उपनगरातल्या मध्यमवर्गीय आया. तिकडच्या स्पर्धात्मक क्लबांची फी वर्षाला हजारो डॉलरांच्या घरात जाते. त्यापुढे कॉलेजच्या शिष्यवृत्तीची आशा असते. आपल्याकडे आकडे लहान, पण गणित तेच. फी भरली, शनिवार घातला, ट्रॅफिकमधून आणलं, आणि आता तासभर काम काय? बघणं. पैसे आणि वेळ घातलेल्या माणसाला नुसतं बघत बसणं फार जड जातं. तो ओरडतो याचं मला नवल वाटत नाही. वाईट संस्कार वगैरे शोधायचीही गरज नाही. रेषेला चिकटून उभा केलेला, काम नसलेला, मुलाच्या काळजीने व्याकूळ झालेला माणूस ओरडणारच.

ही गोष्ट ज्यांनी ओळखली त्यांचेच उपाय चालले. बाकीच्यांनी पाट्या लावल्या.

१९९९ साली ओहायो राज्यात, क्लीव्हलंडच्या परिसरातल्या मुलींच्या एका लीगने एक रविवार ‘मौनाचा’ ठरवला. पालकांनी आणि प्रशिक्षकांनीही तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. ही कल्पना नंतर अमेरिकेत ठिकठिकाणी पसरली, आणि कित्येक क्लब त्या दिवशी पालकांना लॉलीपॉप वाटतात. तोंडात काही असलं की बोलणं आपोआप बंद. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननेही पुढे असे मौनाचे शनिवार-रविवार केले. त्याआधी २००८मध्ये ‘रिस्पेक्ट’ मोहीम काढून प्रेक्षकांना रेषेपासून मागे ठेवणारी दोरी आणली. लॉलीपॉपचं मला हसू येतं, पण पटत नाही. टाळ्याही बंद करून टाकणं म्हणजे रोग आणि तब्येत दोन्हीवर एकच औषध. शिवाय एका रविवारच्या उपासाने पुढचे रविवार सुधारत नाहीत, हे एकादशी पाळणाऱ्या घरांत वेगळं सांगायला नको. दोरी मात्र शहाणपणाची.

हे सगळं जरा अतीच होतंय असं कोणाला वाटत असेल, तर नेदरलँड्समधलं आल्मेर आठवावं. डिसेंबर २०१२. मुलांचा सामना, आणि लाइन्समन म्हणून स्वेच्छेने उभे असलेले एक वडील, ज्यांचा स्वतःचा मुलगा त्याच सामन्यात खेळत होता. सामन्यानंतर प्रतिस्पर्धी संघाच्या पोरांनी त्यांना लाथांनी तुडवलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. २०१३मध्ये न्यायालयाने दोषी ठरवलेल्यांत किशोरवयीन खेळाडू होते, आणि त्यांच्यातल्या एकाचा बापही होता.

सगळ्यांत साधा आणि मला सगळ्यांत पटलेला मार्ग जर्मनीतला. आखेनच्या भागात राल्फ क्लोअर या युवा प्रशिक्षकाने २००७च्या सुमाराला लहान मुलांसाठी ‘फेअर प्ले लीग’ सुरू केली. नियम तीन. पंच नाही, चेंडू बाहेर गेला की फाउल झाला हे मुलं आपसात ठरवतील. दोन्ही संघांचे प्रशिक्षक एकाच जागी शेजारी-शेजारी उभे राहतील. आणि पालक मैदानापासून साधारण पंधरा मीटर लांब. शेवटच्या नियमातली खुबी बघा. तो कोणालाही गप्प बसवत नाही. ओरडा की! पंधरा मीटरवरून टाळी पोचते, आरोळी पोचते, पण ‘डाव्या पायाने आत वळव’ हे पोचत नाही. उपदेश तेवढा वाटेत गळून पडतो. आणि दुसऱ्या संघाच्या प्रशिक्षकाच्या खांद्याला खांदा लावून उभा असलेला प्रशिक्षक त्याच्या पोरांवर तोंड टाकायला जरा कचरतोच.

जर्मन फुटबॉल संघटनेने पुढे हा विचार मुलांच्या फुटबॉलसाठी उचलला. २०२४–२५च्या मोसमापासून तर तिथे सर्वांत लहान गटांत छोटे संघ, छोटी मैदानं आणि गुणतक्त्याला फाटा, हेच सक्तीचं झालं. विरोध झाला. बोरुसिया डॉर्टमुंडचे तेव्हाचे प्रमुख हान्स-योआखिम वात्सके यांनी जाहीर टीका केली. हरायला न शिकलेली मुलं पुढे टिकणार कशी, असा या टीकेचा रोख. त्याला नॉर्वेकडे उत्तर आहे. तिथल्या क्रीडा महासंघाने १९८७ सालीच मुलांच्या खेळासाठी वेगळे नियम केले. अकरा वर्षांखालच्या मुलांचे गुणतक्ते आणि क्रमवारी तिथे लावत नाहीत. पंचावन्न लाखांच्या आसपास लोकवस्तीचा हा देश २०१८ आणि २०२२, दोन्ही हिवाळी ऑलिंपिकमध्ये पदकतक्त्यात पहिला आला. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे मान्य. पण तक्ता न लावल्याने मुलं मऊ पडतात, हे तरी आता कोणी म्हणू नये.

आणि लांब उभं राहणं ही काही परदेशी कल्पना नव्हे. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांसमोर लहानगा सचिन पहिल्यांदा खेळायला उभा राहिला, तेव्हा त्याचा खेळ काही जमेना. थोरला भाऊ अजितने सरांना गळ घातली, की तुम्ही निघून गेल्यासारखं करा आणि लांबून, झाडामागून बघा. सर झाडामागे गेले, पोरगा मोकळा झाला, प्रवेश मिळाला. हे स्वतः सचिनने सांगितलेलं आहे. त्याच्या आईने त्याला मैदानात येऊन खेळताना पाहिलं ते थेट नोव्हेंबर २०१३मध्ये, वानखेडेवर, दोनशेव्या आणि अखेरच्या कसोटीत. आई लांब राहिली म्हणून घरोघरी सचिन निपजत नाहीत, हे उघड आहे. पण जाळीला बोटं अडकवून उभं राहणं म्हणजेच पाठिंबा, हा समज सोडायला एवढं पुरे.

कोल्हापूरकर इथे हसतील. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असताना पंधरा मीटरचं काय घेऊन बसलात? तिथली पेठापेठांची ईर्षा मला आवडते, तिने प्रसंगी हद्द ओलांडली तरी. पण तो मोठ्यांनी मोठ्यांसाठी केलेला गजर आहे. तिथलं पोर स्टेडियमवर पोचण्याआधी गल्लीत खेळून येतं. त्या गल्लीत त्याला ‘ओपन आहे तो’ सांगणारं कोणी नसतं. टर्फवरच्या मुलाला ती गल्ली मिळालेलीच नाही. त्याचा पहिला चुकलेला पाससुद्धा कोणीतरी मोबाइलवर टिपून ठेवलेला असतो, आणि मग घरी जाताना स्कूटरवर मागे बसून त्या पासचं शवविच्छेदन ऐकावं लागतं.

म्हणून शिष्टाचाराची पाटी लावण्यापेक्षा, पालकांची शिबिरं घेण्यापेक्षा, मी एक दुसरी रेषा मागते. मैदान आखताना फक्की मारतातच. तीच फक्की कडेपासून पंधरा मीटरवर आणखी एकदा मारायची, खुर्च्या तिच्यामागे. टर्फवर एवढी जागा नसेल तर खुर्च्या जाळीपासून उचलून पार्किंगच्या बाजूला न्यायच्या. दोन संघांच्या प्रशिक्षकांना एका बाकावर बसवायचं. बारा वर्षांखालच्या गटाचा गुणतक्ता ॲकॅडमीने कुठेच लावायचा नाही. याला ना परवानगी लागते ना निधी. येत्या मोसमाची फी भरण्याआधी तुमच्या ॲकॅडमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एवढी मागणी टाका, आणि पहिल्या सामन्याला आपली खुर्ची स्वतःच उचलून मागे न्या.