आपले मोल कोण ठरवितो?



शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात एक प्रसंग आहे. गल्याथाचा वध झाल्यावर शौल राजा सैन्यासह परत येत असतो. गावोगावच्या स्त्रिया डफ वाजवीत, नाचत-गात स्वागताला येतात. त्या शौलाला हजारांचा मान देतात आणि तरुण दावीदाला त्याहून कितीतरी अधिक. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. शौलाची कोणी निंदा केली नव्हती. त्याचीही स्तुतीच झाली होती. विजयही त्याच्याच राज्याचा होता. पण त्याने आकडे मोजले आणि त्या दिवसापासून दावीदाकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलली. दुसऱ्याच दिवशी त्याने वीणा वाजविणाऱ्या दावीदावर भाला फेकला.

आज ही आकडेमोड आपल्या घराघरांत चालते. २००९ साली फेसबुकने ‘लाईक’चे बटण आणले आणि कौतुक मोजता येऊ लागले. पूर्वी प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी पांढऱ्या फ्रॉकमधल्या मुलीला शेजारची आजी “गोड दिसतेस गं” म्हणायची आणि मुलगी खूश होऊन खेळायला पळायची. आज फोटो टाकला की तो किती जणांना आवडला, मैत्रिणीच्या फोटोला किती मिळाले, ही मोजणी रात्री अंथरुणातही थांबत नाही. शिवाय दुसऱ्याच्या आयुष्यातला निवडून काढलेला एक क्षण आपण पाहतो आणि त्याची तुलना आपल्या सबंध दिवसाशी करतो. त्या दिवसात घरची कुरबुर असते, कर्जाचा हप्ता असतो, परीक्षेत कमी पडलेले गुण असतात. या तुलनेत आपण हरणारच.

संत थॉमस अक्वायनस यांनी मत्सराची व्याख्या करताना त्याला एक प्रकारचे दुःखच म्हटले आहे. दुसऱ्याचे भले पाहून होणारे दुःख! ते रोज, तासन् तास मनात साठत गेले तर मन आजारी पडेल यात नवल ते काय? २०२३ साली अमेरिकेचे सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी सोशल मीडियाविषयी खास इशारा दिला. दिवसाला ३ तासांहून अधिक वेळ त्यावर घालविणाऱ्या किशोरवयीन मुलांमध्ये नैराश्य व चिंता यांच्या लक्षणांचा धोका दुप्पट आढळतो, असे त्यात नमूद आहे. या साधनांमुळे काहींना आधार मिळतो, हेही त्यात मान्य केले आहे. आखातात नोकरी करणाऱ्या मुलाचा चेहरा मोबाईलवर पाहून आईचे डोळे भरून येतात, ते वरदानच आहे. प्रश्न आपले मोल ठरविण्याचा अधिकार आपण कोणाच्या हाती देतो, हा आहे.

त्याच अध्यायात योनाथानही आहे. दावीदाच्या कीर्तीमुळे खरे तर त्याचेच सिंहासन जाणार होते. तरी त्याने आपला झगा, तलवार आणि धनुष्य दावीदाला दिले व त्याच्यावर जिवाभावाचे प्रेम केले. दावीद तोच, त्याची कीर्तीही तीच. पण एक मन पोखरले गेले आणि दुसऱ्याला मित्र लाभला.

असे मन कोठून मिळते? यार्देन नदीकाठी पाहा. येशूने अजून एकही प्रवचन दिले नव्हते, एकही रोगी बरा केला नव्हता. तेव्हाच स्वर्गातून पित्याने त्याला आपला प्रिय पुत्र म्हटले. आपल्या बाप्तिस्म्यात आपल्यालाही तेच पुत्रत्व मिळाले आहे. ते कमवावे लागत नाही आणि कोणाच्या पसंतीने वाढत वा घटत नाही. म्हणूनच प्रभू सांगतो की दान, प्रार्थना आणि उपवास लोकांना दिसावेत म्हणून करू नका. गुप्तपणे पाहणारा पिता आहे.

७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद लाभलेल्या कार्लो अकुतिसचे उदाहरण आपल्या मुलांना सांगा. संगणकात तरबेज असलेल्या या मुलाने ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांची वेबसाईट तयार केली. पण व्हिडिओ गेमसाठी त्याने स्वतःला आठवड्यातून एकच तास दिला होता. २००६ साली वयाच्या अवघ्या १५व्या वर्षी तो प्रभूकडे गेला.

आपणही सुरुवात करू या. रोझरीच्या आणि जेवणाच्या वेळी सर्वांचे मोबाईल बाजूला ठेवावेत, आईवडिलांचेही. रात्री ते झोपण्याच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावावेत. एखाद्याचा फोटो पाहून मनाला टोचले, तर त्याच्यासाठी एक ‘नमो मरिया’ म्हणावी आणि जमल्यास त्याच्या घरी जाऊन यावे.

शेवटी एक कळकळीची विनंती. आपले मूल गप्प राहू लागले, त्याची झोप उडाली, जगणे नकोसे वाटते असे ते बोलले, तर “श्रद्धा कमी पडली” असे म्हणू नका आणि चारचौघांत लाज वाटते म्हणून लपवू नका. मनाचा आजार हे पाप नव्हे. त्याचे ऐकून घ्या आणि डॉक्टरांकडे न्या. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते. धर्मगुरूंच्या घराचे दारही तुमच्यासाठी उघडे आहे. प्रार्थना आणि औषध, दोन्ही देवाचीच देणगी आहे.

प्रभो, दुसऱ्याच्या आनंदात आनंद मानणारे योनाथानाचे मन आम्हाला दे. आमेन.

ख्रिस्ताठायी तुमचा,
प्रमुख धर्मगुरू