शरणागत आणि विश्वस्त

शरण आलेल्यास अभय द्यावे, हा धर्म आपल्याकडे इतका जुना आहे की त्याविषयी शंका काढणेही अनेकांस औचित्यभंगाचे वाटेल. तथापि अभय देणारा एक, त्यासाठी रक्त सांडणारा दुसरा, आणि भोवती संकट वाढू देणारा पुन्हा पहिलाच, असे झाले म्हणजे या धर्माचे काय होते? हा प्रश्न दक्षिण सुदानने जगापुढे ठेवला आहे.

हे राष्ट्र ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झाले. अडीच वर्षेही लोटली नाहीत तोच, १५ डिसेंबर २०१३ च्या रात्री राजधानी जुबा येथे अध्यक्ष साल्वा कीर आणि पदच्युत उपाध्यक्ष रीक माचार यांच्या अनुयायी सैनिकांत चकमक उडाली, आणि पाहता पाहता तिला डिंका विरुद्ध नुएर असे रूप आले. भयभीत माणसे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या तळांकडे धावली. ते तळ निर्वासितांसाठी उभारलेले नव्हते; तरीही फाटके उघडली गेली. पुढे या आवारांत दोन लाखांहून अधिक लोक राहू लागले. सुरक्षा परिषदेने सैन्य १२,५०० पर्यंत वाढविण्याचा ठराव केला, तो २४ डिसेंबरला. सत्कृत्य पुष्कळदा ठरावाच्या आधीच घडून जाते.

तत्पूर्वी, १९ डिसेंबरला, अकोबो येथील तळावर सुमारे दोन हजार सशस्त्र नुएर तरुण चालून आले. आत आश्रयास आलेले डिंका त्यांना हवे होते. त्या दिवशी भारताचे दोन जवान तेथे मारले गेले, आणि आश्रितांपैकीही अनेक.

वनपर्वातील शिबी राजाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कीर्तनात कपोताचे भय आणि राजाचे औदार्य रंगते. ससाण्याचे म्हणणे मात्र मागे पडते. ससाणा काही खोटे बोलत नव्हता. त्याची भूकही खरी होती. राजाने त्याचा दावा फेटाळला नाही. त्याची भरपाई केली, आणि ती स्वतःच्या मांसाने. तराजूच्या पारड्यात एखाद्या शिपायाचे मांस टाकले असते, तर त्याला शिबी म्हणवून घेता आले असते काय? न्यूयॉर्कमध्ये हात वर करणारे आणि अकोबोत उभे राहणारे हे क्वचितच एका देशाचे असतात. परिषदेच्या पाच स्थायी सभासदांपैकी तेथे पायदळाची पलटण पाठविली, ती एकट्या चीनने.

यावरून, हे अभयच द्यावयास नको होते, असे म्हणणारे आहेत. मला ते मान्य नाही. फाटक बंद ठेवणे हीही एक कृतीच झाली असती. परंतु अर्धे अभय हे नकाराहूनही घातक ठरू शकते. कारण नकार मिळालेला मनुष्य निदान पळतो, शब्दावर विसंबलेला जागीच राहतो. आम्हां वकिलांच्या परिभाषेत यास विबंध म्हणतात: तुमच्या शब्दावर विसंबून ज्याने आपली स्थिती बदलली, त्याच्यापुढे तो शब्द फिरविता येत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मलाकाल येथील आवारावर हल्ला होऊन किमान तीस माणसे मेली. शस्त्र केव्हा चालवावे याविषयी सैनिकांच्या मनात संभ्रम होता, असे संयुक्त राष्ट्रांच्या स्वतःच्याच चौकशीत दिसून आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात शस्त्रबंदीचा ठराव परिषदेपुढे आला. नऊ मते हवी होती, सात पडली; आठ सभासद तटस्थ राहिले. फेब्रुवारी २०१७ मध्ये युनिटी प्रांताच्या काही भागांत दुष्काळ जाहीर झाला, आणि शस्त्रबंदी लागू झाली जुलै २०१८ मध्ये. फाटकाच्या आत अभय आणि बाहेर शस्त्रांचा मुक्त व्यापार, अशी ही पाच वर्षे गेली.

२०२० पासून ही आवारे टप्प्याटप्प्याने त्याच सरकारच्या स्वाधीन होऊ लागली, ज्याच्या सैन्याला भिऊन पुष्कळजण आत आले होते. १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमाप्रमाणे, एकदा स्वीकारलेले विश्वस्तपद न्यायालयाच्या परवानगीवाचून, लाभार्थींच्या संमतीवाचून किंवा दस्तऐवजातील विशेष अधिकारावाचून टाकता येत नाही. (हा कायदा सार्वजनिक देवस्थानांस लागू नाही; पण त्यातील तत्त्व देवस्थानच्या पंचांना समजावून सांगावे लागत नाही.) येथे न्यायालय नव्हतेच, आणि दस्तऐवज लिहिणारी परिषदच होती. उरली ती आत राहणाऱ्यांची संमती. जुब्याच्या आवारातील पुष्कळ नुएरांनी तर, पहारा उठल्यावरही, गावी न परतता तेथेच राहणे पत्करले.