घरची दोन तासं

लोधीखेड्याच्या शिवारात एक म्हातारा शेतकरी होता. कपाशीला लागूनच तो दरवर्षी अर्धा एकर भेंडी लावायचा आणि नागपूरच्या बाजारात पाठवायचा. विहिरीजवळची दोन तासं मात्र घरच्या भाजीसाठी राखलेली असत. त्यांच्यावर विकतचं औषध मारायचं नाही, हा त्याचा नियम. बाकीच्या भेंडीवर दर आठवड्याला औषध पडायचं. आज फवारा, उद्या तोडा. असं करणारा तो काही एकटा नव्हता.

घरची तासं सून पाहायची. संध्याकाळी भाजीपुरती भेंडी तोडताना ती पानं उलटून बघायची. एखादा शेंडा मलूल दिसला की खुडून चिरायची. आत विष्ठा आणि ठिपक्यांची अळी असायची. तसले शेंडे, भोकं पडलेली फळं ती धुऱ्यावर खड्डा करून पुरायची. शिरा पिवळ्या पडलेलं झाड मुळासकट उपटायची. मावा वाढला तर अर्धा किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजत घालायची, फडक्यातून गाळायची आणि पाणी घालून 10 लिटर करून फवारायची.

श्रावण सरता सरता फवारलेल्या भेंडीत पांढरी माशी उठली. झाडाला धक्का लागला की पांढरा भुरका उडायचा. म्हाताऱ्याने औषध बदललं, मग दोन औषधं एकत्र केली. पानं पिवळी पडतच गेली. विहिरीजवळ कीड होती, पण बेताची.

"तू कोणतं औषध मारतेस?" त्याने सुनेला विचारलं.

तिने एक पान उलटून धरलं. "हे पाहा, मामाजी." माव्याच्या थरातून एक काळपट, काटेरी, नारिंगी ठिपक्यांची अळी फिरत होती आणि एकेक मावा धरून खात होती. "ही ढालकिड्याची पिल्लं. तुमच्या औषधानं आधी हीच मरतात."

म्हातारा उकिडवा बसून बराच वेळ पाहत राहिला. अशी अळी दिसली की आजवर तो चिरडत आला होता.

पुढच्या वर्षी त्याने भेंडी कपाशीपासून लांब नेली. दोन्ही एकाच कुळातली, ठिपक्यांची अळी दोन्हींवर जगते. कडेने मका पेरला, पिवळे चिकट सापळे टांगले, कामगंध सापळे लावले. निंबोळ्या उन्हाळ्यातच वेचून ठेवल्या होत्या. घरची तासं मात्र वेगळी काढली नाहीत.

ज्या पिकातून आपलं ताट भरतं, त्याची पानं माणूस वाकून पाहतो. विकायच्या पिकात तो नुसता पंप घेऊन शिरतो.

एकदा तुडतुडे फारच वाढले आणि औषध मारावंच लागलं. डब्यावर लिहिलेले दिवस भरेपर्यंत त्याने तोडा बंद ठेवला. तेवढ्यात कितीतरी भेंडी जून झाली, ती तोडून टाकली. अडत्या फोन करत राहिला. म्हातारा म्हणाला, "सोमवारी पाठवतो. त्याआधी आमच्या घरीही शिजणार नाही."