डिपॉझिट कोणाचं?

घर भाड्याने देताना घेतलेलं डिपॉझिट नेमकं कोणाचं, हा प्रश्न आज आपण करारनाम्याच्या हवाली करतो. धर्मशास्त्रकारांनी तो नीतीचा मानला होता. मनुस्मृतीचं १९२७ साली महाडला दहन झालं, ते योग्य कारणांसाठीच. पण तिच्या आठव्या अध्यायातला व्यवहाराचा भाग या प्रश्नापुरता वाचण्यासारखा आहे. वादाच्या १८ विषयांत तिथे पहिलं ऋण आणि दुसरा निक्षेप, म्हणजे विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेलं धन. ठेव चोरांनी नेली, पाण्यात वाहून गेली किंवा जळाली, तर ठेवून घेणाऱ्यावर ती भरून देण्याची सक्ती नाही; मात्र त्याने तिच्यातलं काही घेतलेलं नसावं. याज्ञवल्क्य तर ठेवीवर परस्पर स्वतःची उपजीविका चालवणाऱ्याला दंड सांगतो आणि ठेव लाभासकट परत करायला लावतो.

घरमालक म्हणेल, डिपॉझिट कोणी कपाटात बांधून ठेवत नाही. ते वापरलं जाणार हे भाडेकरूलाही ठाऊक असतं. खरं आहे. मुंबईतल्या ‘हेवी डिपॉझिट’च्या व्यवहारात तर भाड्याऐवजी त्या रकमेचा वापर हाच मालकाचा मोबदला. पण मग ती ठेव राहिली नाही, कर्ज झालं, आणि कर्जाला चोर-पुराची सबब चालत नाही. शास्त्रकारांनी ते बापामागे मुलांवरही टाकलं. म्हणजे पैसे जपले म्हणा की वापरले म्हणा, ते आपले झाले असं म्हणायला कुठूनच वाट नाही. ‘नवा भाडेकरू आला की देतो’ हे उत्तर तर एकाची ठेव दुसऱ्याच्या ठेवीतून फेडण्याचं आहे. शिवाय जुन्या भाडेकरूला त्याच पैशांतून पुढच्या घराचं डिपॉझिट भरायचं असतं.

मोडतोड झाली असेल तर? तर जरूर कापावं. फुटलेलं बेसिन भाडेकरूचं, पण तीन वर्षांत फिका पडलेला रंग त्याचा नव्हे. वापराची किंमत भाड्यात दरमहा वसूल झालेलीच असते. रंगकामाची रक्कम करारातच लिहिली होती, हा बचाव अगदी पोकळ नाही, पण किल्ली हवी असलेला माणूस त्या कलमावर घासाघीस करण्याच्या स्थितीत नसतो. खरी अडचण वेगळीच आहे. इथे तक्रार करणारा, निवाडा देणारा आणि दंड खिशात टाकणारा एकच माणूस असतो. म्हणून पुराव्याचा भार त्याच्यावरच हवा: घर देतानाचे फोटो, दुरुस्तीचं बिल, आणि भाडेकरूसमोर केलेला हिशेब. हे नसेल तर शंकेचा फायदा भाडेकरूला द्यावा, कारण मालकाच्या हातात पैसे आधीच आहेत आणि भाडेकरूच्या हातात फक्त पावती.