विहिरीचा कठडा

1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि सौंसर मध्य प्रदेशातच राहिले. परंतु आपल्या व्यवहाराची वाट नागपूरकडेच जात राहिली. संत्र्यांचे ट्रक, लग्नाचा बस्ता, अत्यवस्थ रुग्ण, सारे त्याच रस्त्याने जातात. आज तो रस्ता रुंद झाला, वेग वाढला. त्यावर कोणी दगावले की आपण म्हणतो, ‘चालकाची चूक’ किंवा ‘नशिबाचे भोग’. दोन्ही उत्तरे सोयीची आहेत, कारण दोहोंनीही विचार तिथेच थांबतो.

1854 साली लंडनमध्ये पटकीची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची ठिकाणे तपासून एका सार्वजनिक पंपाकडे बोट दाखविले. तहानलेल्यांना उपदेश करीत न बसता पंपाचा दांडाच काढला गेला. रोगाचे मूळ रोग्याच्या वर्तनात नव्हे, तर भोवतालच्या रचनेत शोधण्याची ही दृष्टी पुढे विल्यम हॅडन या अमेरिकन वैद्याने रस्त्यावरील इजांना लावली. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. माणसाचे हाड मात्र होते तेवढेच राहते. माणूस चुकणारच, पण त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, हे तत्त्व स्वीडनच्या संसदेने 1997 साली स्वीकारले.

यावर कोणी विचारील, मग मद्यपी चालक निर्दोष ठरतो काय? मुळीच नाही. परंतु दोष आणि जबाबदारी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दोष झालेल्या घटनेकडे पाहतो, जबाबदारी होऊ घातलेल्या घटनेकडे. अंगणातील विहिरीला कठडा बांधताना ‘पोरांनी जपून खेळावे’ एवढ्यावर कोणताही गृहस्थ समाधान मानीत नाही. पोरांना तो बजावतो आणि कठडाही बांधतो.

कठडा बांधला की काय होते, हे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने दाखविले आहे. 2016 साली तिथे 151 जण मृत्युमुखी पडले. त्याच सुमारास धोक्याच्या जागा हेरून कठडे, खुणा, देखरेख आणि तातडीचे उपचार यांची मोहीम हाती घेण्यात आली. पुढील काही वर्षांत मृत्यू शंभराच्या खाली आले. चालक काही रातोरात संत झाले नव्हते.

2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 198-अ आले. रस्त्याच्या आराखड्यातील वा देखभालीतील हयगयीमुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणेला अथवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 2022 साली देशात 1,68,491 माणसे रस्त्यांवर मेली. त्या मानाने हा दंड किरकोळच. तरीही आराखडा कागदावर काढणाऱ्या हातालाही नैतिक वजन असते, हे कायद्याने प्रथमच मान्य केले.

म्हणून पुढील अपघातानंतर ‘चूक कोणाची?’ एवढे विचारून आपण उठू नये. जामसावळीच्या मारुतीला पायी निघालेल्या म्हातारीने रस्ता कोठून ओलांडावा, असे आराखडा काढणाऱ्याने ठरविले होते, हेही विचारावे. या प्रश्नाला उत्तर नसेल, तर विहीर उघडीच आहे.