भार वाहणारा खांब

माझे आजोबा ऋग्वेदी वैदिक होते. नाशिकला पंचवटीत आमचं घर. पहाटे साडेचारला माजघरापलीकडून त्यांचा आवाज सुरू व्हायचा आणि मी अर्धवट झोपेत तो ऐकत पडायची. मुलगी म्हणून मला संथा दिली गेली नाही. पण कानांना कोण अडवणार? पदं पुढे जातात, मागे येतात, पुन्हा पुढे जातात, एवढं मला नवव्या-दहाव्या वर्षी कळलं होतं. एकदा मी विचारलं, "आजोबा, याचा अर्थ काय हो?" ते म्हणाले, "अर्थ शास्त्रीबुवांना विचार. आमचं काम स्वर हलू न देण्याचं."

पुढे कॉलेजात संस्कृत घेतलं आणि वेदांतल्या शब्दांचे अर्थ लावणारं यास्काचं 'निरुक्त' समोर आलं. वेद पाठ करून ज्याला त्याचा अर्थ कळत नाही, तो नुसता भार वाहणारा खांब, असं तिथे म्हटलं आहे. ते वाचून मी पुस्तक मिटलं. ज्यांचं आयुष्य त्या पाठात गेलं, त्या माणसाला इतक्या जुन्या ग्रंथाने लाकूड ठरवलं होतं. अर्थ न कळता एखादी गोष्ट जपण्याला काही मोल आहे का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्याबरोबर आहे.

पोटापाण्यासाठी मी डेटाबेसचं काम धरलं. तिथे हाच प्रश्न वेगळ्या वेषात भेटला. माणसं कागद स्कॅन करून अर्जाबरोबर चढवतात. तो टेबलातल्या एका रकान्यात नुसत्या बाइट्सची रांग म्हणून बसतो. ते मृत्युपत्र आहे की लग्नपत्रिका, हे डेटाबेसला ठाऊक नसतं. किती बाइट्स आणि कोणत्या क्रमाने, एवढंच त्याला कळतं. मागणी आली की तो ती रांग काढून देतो. तिच्यापुढे मी एक ओळ जोडते, की ही पीडीएफ आहे आणि तिचं नाव अमुक. मग समोरच्याच्या पडद्यावर कागद उमटतो. तो कागद काय म्हणतो हे मधल्या सगळ्या प्रवासात कोणीही वाचलेलं नसतं.

२००९ साली एका पतसंस्थेसाठी मी असा प्रोग्राम लिहिला. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये अशा मजकुरासाठी 'ब्लॉब' नावाचा प्रकार आहे. त्यात ६५,५३५ बाइट्स मावतात. मोठ्या फाइलींसाठी 'मीडियमब्लॉब' घ्यावा लागतो, त्यात सुमारे १६ एमबी मावतात. मी ब्लॉब निवडला. चाचणीला घेतलेली टाइप केलेली एकेक पानी पत्रं तीस-चाळीस केबीची होती, ती नीट गेली आणि नीट परत आली. मग संस्थेने सभासदांचे स्कॅन केलेले कागद चढवायला घेतले. ते मोठे होते. त्या काळच्या आमच्या मांडणीत डेटाबेस असली फाइल नाकारत नसे. मावेल तेवढी ठेवून उरलेली कापून टाकायचा आणि मागे एक हलकी सूचना सोडायचा. ती सूचना वाचणारी ओळ माझ्या प्रोग्रामात नव्हती. यादीत फाइलीचं नाव, तारीख, मूळ आकार, सगळं बरोबर दिसत होतं.

आठ महिने कोणी काही मागितलं नाही. त्या काळातच पावसाळ्यात संस्थेच्या तळघरात पाणी शिरलं आणि मूळ दप्तरांचा लगदा झाला. नंतर एक वृद्ध बाई नवऱ्याच्या वारसनोंदीचा कागद मागायला आल्या. फाइल उघडेना. पीडीएफची रचनाच अशी असते, की आत कुठला तुकडा कितव्या बाइटपासून सुरू होतो याची अनुक्रमणिका फाइलीच्या अगदी शेवटी असते, आणि वाचणारा प्रोग्राम आधी तिकडे जातो. इथे तो शेवटच कापला गेला होता. मी प्रत्येक फाइलीची लांबी मोजायची क्वेरी चालवली. पडद्यावर एकाखाली एक तोच आकडा उतरत गेला: ६५५३५, ६५५३५, ६५५३५. तीनशे बारा वेळा.

त्या बाई मला म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडे दिला म्हणून घरची प्रत जपून नाही ठेवली हो आम्ही." आवाजात राग नव्हता. मला ते वाक्य आजही ऐकू येतं. प्रतिज्ञापत्रं, साक्षीदार, खेटे, असं करत त्यांचं काम सात महिन्यांनी झालं. एक्केचाळीस सभासदांचे कागद मात्र कुठेच मिळाले नाहीत.

तो आकडा पडद्यावर उतरला त्या रात्री यास्क आठवला. माझा डेटाबेस नुसता खांब होता आणि त्याने भार टाकला होता, टाकला हे त्याला कळलंही नव्हतं. मग आजोबाही तसेच खांब होते का? मी बराच वेळ विचार केला आणि उत्तर 'नाही' असं आलं. अर्थ दोघांनाही कळत नव्हता. पण आजोबांकडून एक अक्षर निसटलं असतं, तर ते त्यांना त्याच क्षणी कळलं असतं.

पदं पुढे-मागे नेणाऱ्या आजोबांच्या घनपाठाची बांधणी पाहा. लागोपाठची तीन पदं घ्या. पहिलं-दुसरं, मग दुसरं-पहिलं, मग एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, पुन्हा एक-दोन-तीन. मग एक पद पुढे सरकून तीच फेरी. प्रत्येक पद शेजाऱ्याशी पुढून बांधलेलं असतं आणि मागूनही. एक गाठ सुटली की उलट येताना जीभ अडते. अर्थ कळला असता तर अडखळलेली जागा माणसाने अंदाजाने भरून काढली असती. इथे अंदाजाला जागाच ठेवलेली नाही. याच धर्तीवर आज मी प्रत्येक फाइलीची एसएचए-२५६ खूण काढून शेजारच्या रकान्यात ठेवते. चौसष्ट अक्षरांची ती खूण फाइलीतला एक बिट बदलला तरी वेगळी येते. ती काढणाऱ्या प्रोग्रामालाही फाइलीचा अर्थ ठाऊक नसतो. अर्थ न विचारता खरेपणा तपासण्याची ही युक्ती आपल्याकडे कागदाआधीची आहे, हे मला त्या अपघातानंतर समजलं.

अर्थ जाणणाऱ्यांनी काय केलं तेही बघितलं पाहिजे. महानुभावांचं 'लीळाचरित्र' घ्या. म्हाइंभटांनी सिद्ध केलेली मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत गेली आणि शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. लीळा त्यांच्या जिवाच्या होत्या, कळून-उमजून लक्षात ठेवलेल्या होत्या. म्हणूनच पाठ वेगवेगळे निघाले. शब्द बदलले, तपशील हलले. हे फरक 'वासना' म्हणून प्रामाणिकपणे नोंदवून ठेवण्याची रीत त्या पंथाने पाळली, याचा मला फार आदर वाटतो. 'ज्ञानेश्वरी'चंही तसंच. शके १२१२ चा ग्रंथ तीनशे वर्षांत इतक्या हातांतून गेला, की शके १५०६ मध्ये एकनाथांना त्याची शुद्ध प्रत करावी लागली. ओव्या समजणाऱ्या आणि आवडणाऱ्या माणसांनीच त्यांत फेरफार केले होते. समजलं की हात शिवशिवतो. अर्थात त्या फेरफारांतून मूळ ओवी ओळखून काढायलाही समजणाराच लागला. ते काम एकनाथांचं होतं, खांबाचं नव्हतं.

आणि यास्काचं तरी काय? तो ज्या शब्दांचे अर्थ लावायला बसला, त्यांतल्या कितीतरी शब्दांचा अर्थ त्याच्या काळीच हरवलेला होता. मंत्रांना अर्थच नाही असं म्हणणारा कौत्सही त्यानेच आपल्या ग्रंथात आणून उभा केला आहे. मग ते शब्द यास्कापर्यंत पोचवले कोणी? कळत नाही म्हणून खांबांनी ते टाकून दिले असते, तर 'निरुक्त' कशाचं लिहिलं असतं? मला यास्काशी भांडायचं नाही. अर्थ शोधा, हे त्याचं सांगणं खरंच आहे. पण त्याच्या घराचं छप्पर ज्यावर उभं होतं त्यालाच त्याने हिणवलं, असं माझं मत आहे आणि ते आता बदलेल असं वाटत नाही.

अपघातानंतर फाइली टेबलात ठेवायच्या की डिस्कवर, हा वाद आमच्यात झाला. जिम ग्रे आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याच प्रश्नावर मायक्रोसॉफ्टमध्ये अभ्यास केला होता. त्यांच्या मोजणीत २५६ केबीखालच्या फाइलींना डेटाबेस बरा ठरला आणि १ एमबीवरच्या फाइलींना डिस्क. मी टेबलच धरून राहिले, ते वेगापायी नव्हे. टेबलात नोंद आणि फाइल एकाच व्यवहारात लिहिल्या जातात. दोन्ही राहतात किंवा दोन्ही जातात. डिस्कवर ठेवलं की नोंदीत नुसता पत्ता राहतो, आणि कधी पत्ता उरतो पण फाइल नसते, कधी फाइल उरते आणि तिला नाव नसतं. व्यवहाराची ही शिस्त घडवण्यात ग्रे यांचा वाटा मोठा होता. १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना डेटाबेस आणि व्यवहारप्रक्रियेवरच्या कामासाठीच मिळाला. २८ जानेवारी २००७ ला ते आईच्या अस्थी समुद्रात विसर्जित करायला सॅन फ्रान्सिस्कोहून एकटेच शिडाची होडी घेऊन निघाले आणि परतले नाहीत. उपग्रहाची चित्रं हजारो लोकांनी डोळ्यांखालून घातली. होडीही सापडली नाही. गोदाकाठी वाढलेल्या मला ही हकिकत वाचून काही सुचेनासं झालं. ज्या माणसाने नाव आणि वस्तू एकत्र बांधायला शिकवलं, त्याचं नुसतं नाव मागे राहिलं.

जपण्यात देणंही येतं, आणि तिथे माझी आजोबांविरुद्ध तक्रार आहे. माझा प्रोग्राम फाइल देण्याआधी मागणारा कोण ते विचारतो आणि विचारलंच पाहिजे, कारण कागद ज्याचा त्यालाच मिळायला हवा. वेद हा काही कोणा एकाचा वारसनोंदीचा कागद नव्हता. जन्म आणि लिंग बघून तो आजोबांनी माझ्यापुढे बंद ठेवला, घराबाहेरच्या कितीतरी लोकांपुढे त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी बंद ठेवला. स्वर त्यांनी तसूभर हलू दिला नाही, मात्र दार उघडलं नाही. प्रेमापोटी हे मी बरीच वर्षं बोलले नव्हते.

'जपणं' हा आपला शब्द राखण्यालाही चालतो आणि पुन्हा पुन्हा म्हणण्यालाही. पतसंस्थेच्या सर्व्हरवर आता रोज रात्री एक प्रोग्राम प्रत्येक फाइल टेबलातून बाहेर काढतो, पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत वाचतो आणि तिची खूण जुळवून पाहतो. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून त्यातल्या वीस फाइली मी स्वतः शेवटच्या पानापर्यंत उघडते. त्या एक्केचाळीस जणांची यादीही माझ्याकडे आहे.

आजोबांच्या आवाजाची एक कॅसेट आहे, साठ मिनिटांची. तिची फाइल करून मी स्वतःच्या डेटाबेसात ठेवली आहे. दुसऱ्या बाजूला एका ऋचेच्या मध्येच टेप संपते. आजोबा अर्थातच पुढे म्हणत राहिले असणार. मी ती पंचवटीतल्या एका पाठशाळेत नेऊन ऐकवली. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा टेप थांबली त्याच पदापासून पुढचं म्हणून गेला. अर्थ त्याला अजून शिकवलेला नाही.